रक्ताच्या नात्याची डीएनए चाचणी : प्रकार आणि मर्यादा



पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी आहेत. १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तरी लग्ने पूर्वीप्रमाणेच नदी ओलांडून होत राहिली. सोयरिकींबरोबर पोटगीचे, वारसाचे आणि क्वचित पितृत्वाचे वादही आले. पूर्वी अशा वादांत चेहरेपट्टीचे साम्य व शेजाऱ्यांच्या साक्षी यांवर भिस्त असे. रक्तगटावरून अमुक पुरुष पिता नव्हे, इतके कधीकधी सांगता येई. तोच पिता आहे, हे सिद्ध होत नसे.

१९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधून काढली. भारतात हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी स्वतंत्र पद्धत सिद्ध केली, आणि तिचे मूळ पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएच्या अभ्यासात होते! केरळातील तलश्शेरी येथील पितृत्वाच्या दाव्यात १९८९ साली तिचा उपयोग झाला.

या चाचणीचे मर्म सोपे आहे. अपत्याच्या डीएनएचा अर्धा वाटा मातेकडून व अर्धा पित्याकडून येतो. प्रयोगशाळेत ठराविक वीसेक ठिकाणे तपासून, मातेकडून न आलेला भाग त्या पुरुषाशी जुळतो की नाही, हे पाहतात. एखाद्या ठिकाणची विसंगती नैसर्गिक बदलामुळेही संभवते. यास्तव अनेक ठिकाणी मेळ बसला नाही तरच पितृत्व नाकारले जाते. मातेचा नमुना नसला तरी चाचणी होते, मात्र निष्कर्षाचे बळ काहीसे घटते.

पिता मृत असल्यास आजी-आजोबा वा काका यांचे नमुने घ्यावे लागतात. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावरून पुरुषवंश कळतो. परंतु काका, पिता व आजोबा यांचे हे गुणसूत्र सामान्यतः एकच असल्याने दोन सख्ख्या भावांपैकी पिता कोण, हे केवळ त्यावरून ठरत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आईकडून सर्व अपत्यांना मिळणाऱ्या सूत्रकणिकांच्या डीएनएवरून मातृवंश कळतो. भावंडांच्या चाचणीत बहुधा संभाव्यताच हाती येते.

विज्ञान व कायदा यांची गाठ पडते ती पुढे. वैध विवाह कायम असताना जन्मलेले अपत्य पतीचेच, असे कायदा मानतो. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ११२ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. पती-पत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखविल्यावाचून ते गृहीतक ढळत नाही. शेजारच्या चंद्रपुरात १९९० साली विवाहबद्ध झालेल्या एका दांपत्याचा पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलीला दरमहा ५०० रुपये मंजूर झाले होते. ती आपली नव्हे, असे पतीचे म्हणणे होते. नागपूरच्या प्रयोगशाळेने पितृत्व नाकारले. पत्नीच्या विनंतीवरून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी झाली; उत्तर तेच आले. निष्पाप बालकावर कलंक येऊ नये याची जाणीव व्यक्त करूनही, सिद्ध झालेल्या सत्यापुढे गृहीतक टिकत नाही, असा निर्णय न्यायालयाने ६ जानेवारी २०१४ रोजी दिला. मुलीची पोटगी थांबली. दिलेली रक्कम मात्र परत घ्यावयाची नव्हती.

या निकालावरून पतीने मागताच चाचणी मिळते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. पुण्यातील एका घटस्फोटाच्या दाव्यात २०२३ साली त्याच न्यायालयाने मुलाची चाचणी नाकारली. पती-पत्नींच्या भांडणात ज्याला पक्षकारही केलेले नाही, त्या बालकाचे जन्मरहस्य पणास लावणे न्यायालयास मान्य नव्हते, आणि ते योग्यच झाले. शाळेच्या दाखल्यावरील पित्याचे नाव गावगप्पांवरून बदलू पाहणाऱ्यांनी हे समजून घ्यावे.

घरी परस्पर घेतलेल्या लाळेच्या नमुन्यावरील अहवालास न्यायालयात फारसे मोल नाही, कारण तो नमुना कोणाचा हेच सिद्ध होत नाही. न्यायालयाच्या आदेशाने, ओळख पटवून, साक्षीदारांसमक्ष घेतलेला व मोहोरबंद पाठविलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. अशा दाव्यात स्त्रिया, बालके तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.