देवासहून आईला पत्रं



इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर याची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी मी बरीच वर्षं वर्गात शिकवतो आहे. गेल्या साली तास संपल्यावर एक विद्यार्थी मागं थांबला. शेवटच्या बाकावर बसणारा, अबोल पोरगा. म्हणाला, “सर, फॉर्स्टर समलिंगी होता ना? मग तुम्ही ते सांगितलं कसं नाही?”

मी म्हणालो, “परीक्षेत येत नाही ते.”

उत्तर देऊन मोकळा झालो, आणि माझीच मला लाज वाटली. कारण त्याच तासाला मी या लेखकाच्या वडिलांच्या मावशीनं त्याच्यासाठी आठ हजार पौंड कसे ठेवले, ही हकीकत चांगली रंगवून सांगितली होती. ती तरी परीक्षेत कुठं येते? तेव्हा त्या दिवशी जे राहिलं, ते आज आपल्यापुढं मांडतो.

गोष्ट माळव्यातल्या देवासची आहे. हे गाव इंदुरापासून जवळ, आज मध्य प्रदेशात. पण तिथलं राज्य मराठ्यांचं, पवार घराण्याचं. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी ते वाटून घेतलं आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. गाव एक, राजे दोन, राजवाडे दोन. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण इथं ती सरकारी नकाशावर काढलेली होती! गावावर देवीची टेकडी. थोरल्या पातीच्या गादीवर तिसरे तुकोजीराव होते. जवळची माणसं त्यांना बापूसाहेब म्हणत. हे शाहू छत्रपतींचे जावई. त्यांचेच चिरंजीव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले.

या बापूसाहेबांकडे फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात पाहुणा म्हणून येऊन गेला होता. १९२१ साली तो खाजगी चिटणीस म्हणून काही महिने नोकरीलाच आला. वय बेचाळीस, लग्न नाही. तान्हेपणीच वडील गेलेले, घरी एकटी आई. तिला आणि इतर आप्तांना तो देवासहून पत्रं लिही. पुढं १९५३ साली ती ‘द हिल ऑफ देवी’ या नावानं पुस्तकरूपानं निघाली.

मोठी गोड पत्रं आहेत ती. चिटणीसानं नेमकं काय करायचं, हे फॉर्स्टरला शेवटपर्यंत पुरतं उमगलं नाही. त्याच्याकडे बाग होती, मोटारी होत्या, टेनिसची मैदानं होती, पाहुण्यांचा बंगला होता आणि विजेचं घर होतं. यांतलं एकही धड चालत नव्हतं. राहायला अर्धवट बांधलेला नवा राजवाडा. तिथं दोन पियानो, पण वाजणारा एकही नाही. आपल्यापैकी ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत दप्तर सांभाळलं आहे, त्यांना हा कारभार वाचताना फार परका वाटणार नाही. पण फॉर्स्टर चिडत नाही. हसतो, आणि पुष्कळदा स्वतःलाच हसतो.

एकदा फिरायला गेला असता लांबून साप दिसला. खरं तर ते वाळलेलं झाड होतं. तो म्हणाला, साप नाही. पण एव्हाना सगळ्यांच्या मनात साप शिरला होता. त्यांना काही पटेना. आपल्याकडे वेदान्तात दोरी आणि साप यांचा दाखला देतात, तो या साहेबाला असा आयता भेटला. पुढं त्यानं तो प्रसंग कादंबरीत घातला.

आणि गोकुळाष्टमी! तिचं वर्णन शिक्षकांनी मुळातून वाचावं. जुन्या राजवाड्यात दिवसेंदिवस उत्सव चाललेला. फॉर्स्टर अनवाणी त्या गर्दीत. चारी बाजूंना वाद्यं, एकाचा सूर दुसऱ्याशी जुळत नाही. त्यात महाराज गळ्यात तंतुवाद्य अडकवून देवापुढं आनंदानं नाचताहेत. फॉर्स्टरला हे सारं बेढब वाटलं, आणि ते त्यानं स्पष्ट लिहिलं. पण महाराजांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे, हेही त्यानं ओळखलं. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा शेवटचा भाग याच उत्सवावर उभा आहे. त्याच्या अगदी सुरुवातीला आपल्या तुकोबांचं नाव घेतलेलं आहे. विलायतेतल्या वाचकाला ते कितपत कळलं असेल, देव जाणे.

तर आईला त्यानं बाग लिहिली, मोटारी लिहिल्या, साप आणि अष्टमी लिहिली. आपलं मन पुरुषांकडे ओढ घेतं, एवढं मात्र लिहिलं नाही. कसं लिहिणार? १८९५ साली ऑस्कर वाइल्ड या नामांकित लेखकाला याच कारणानं तुरुंगात धाडलं, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचा होता. ज्या मसूदच्या मैत्रीपायी तो पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, त्या सर सय्यद अहमद खानांच्या नातवावर त्याचं प्रेम होतं. मसूदला तसं प्रेम देता आलं नाही, पण त्यानं मैत्रीही तोडली नाही. दोन पुरुषांच्या प्रेमावरची ‘मॉरिस’ ही कादंबरी फॉर्स्टरनं १९१३-१४ मध्येच लिहून ठेवली. ती निघाली १९७१ साली, तो वारल्यावर वर्षभरानं. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं पुस्तक कपाटात! इंग्लंडचा कायदा १९६७ साली बदलला, तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. आपल्याकडचं ३७७ कलम इंग्रजांनीच १८६० साली दंडसंहितेत घातलेलं. सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून सोडवलं.

देवासला मात्र एक गोष्ट घडली, ती १९५३ च्या पुस्तकात नाही. मनावरचं ओझं असह्य झालं, तेव्हा फॉर्स्टरनं बापूसाहेबांना सारं खरं सांगितलं. मालकापुढं, तेही राजापुढं, नोकरानं असं बोलायचं म्हणजे चंबूगबाळं आवरायचीच तयारी हवी. बापूसाहेबांनी त्याला घालवलं नाही. ऐकून घेतलं आणि मायेनं वागले. अष्टमीला देहभान विसरून नाचणारा हाच तो माणूस. पुढं ते कर्जात बुडाले, पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तिथंच वारले. राजा म्हणून त्यांचा हिशेब काही चांगला नाही. मित्र म्हणून फॉर्स्टरनं त्यांना जन्मभर मान दिला, त्यामागं हे कारण असावं, असं मला वाटतं.

पण एवढ्यावर थांबलो, तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगितल्यासारखं होईल. दरबारातल्या एका न्हाव्याशी फॉर्स्टरचा संबंध आला. तो त्याला ‘कनाया’ म्हणतो. आपण कन्हैया म्हणू. त्याविषयीचं टिपण १९८३ साली छापून आलं. त्यात फॉर्स्टरनं कबूल केलं आहे, की अखेरीस आपण या गरीब माणसाशी निर्दयपणे वागलो. ज्याला स्वतःच्या देशात तोंड उघडता येत नव्हतं, तोच इथं साहेब होता, आणि समोरचा नोकर. ही पानं वाचताना मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

यंदा मी हे सगळं वर्गात सांगितलं, मावशीच्या आठ हजार पौंडांसकट. कुणी हसेल अशी धास्ती होती. कुणी हसलं नाही. तो गेल्या सालचा विद्यार्थी आता पुढच्या वर्गात गेला आहे, पण त्या दिवशी दाराशी येऊन उभा राहिला होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, त्या कन्हैयाचं म्हणणं काय होतं?”

मी म्हणालो, “बाई गं, त्यानं काही लिहून ठेवलेलं नाही.”