झिजलेली चावी

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेल्या मनोगताचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'आपल्या अनुभवातलं, सगळ्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा' अशी सूचना केली आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हटल्यावर मी मुलांच्या करिअरवर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलेलं दिसतंय. मी बोलणार आहे जुन्या गाडीच्या चावीबद्दल. मघाशी बाहेर गाड्या पाहिल्या, तर आपल्यातल्या सात-आठ जणांकडे तरी पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आहेत. तेव्हा श्रोते मिळतील.

आमची गाडी बाबांनी १९९८ मध्ये घेतली. नोकरी मुरबाडला. किन्हवली, सरळगाव करत रोज जायचं आणि पावसाळ्यात एसटी चुकली की दिवस गेला, म्हणून गाडी. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. गाडी आईकडे, किन्हवलीच्या अलीकडे आमच्या घरी असते. आई स्वतः चालवत नाही, शेजारचा मुलगा चालवतो. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यावर पर्यावरण कर. 'एवढं करून ठेवायची कशाला?' असं नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर एवढंच, की रात्री-अपरात्री आमच्या वस्तीत दारात उभी असलेली चारचाकी तीच एक आहे.

मागच्या जुलैत, लावणीच्या दिवसांत, शेजारच्या काकांना रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, पण पुढे श्वास बंद पडू शकतो. त्यामुळे मिनिटामिनिटाला किंमत. काकांना गाडीत बसवलं आणि चावी फिरेना. दार उघडलं होतं, पण स्टार्टरचं कुलूप जागचं हलेना. शेजारच्या मुलानं चावी थोडी बाहेर ओढून, वर-खाली करून, शेवटी कशीतरी फिरवली. आई सांगते, दहा मिनिटं गेली. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात वेळेत पोचले, सर्पदंशावरची लस मिळाली, काका आज ठणठणीत आहेत. पण ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात.

त्याच शनिवारी मी चावी घेऊन मुरबाडला बाजारात चावीवाल्याकडे गेले. म्हटलं, हिच्यावरून दोन बनवून द्या. त्यांनी चावी उजेडात धरली, अंगठा फिरवला आणि परत दिली. म्हणाले, "ताई, हिच्यावरून नाही बनवणार. हिची पहिली चावी आणा."

पहिली चावी नव्हतीच. ती बाबांकडून म्हसा यात्रेत कधीकाळी हरवली होती. मग दुसरीवरून एक बनवली, ती दुसरीही पुढे मोडली, आणि आता हातात होती ती नकलेवरून काढलेली नक्कल. पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर भेटला, म्हणून मी तिथेच स्टुलावर बसले आणि हे सगळं समजून घेतलं. ते तुम्हाला सांगते.

जुन्या गाडीच्या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, एकामागे एक. प्रत्येक पट्टीला मधे खिडकी आणि बाजूला एक बारीकशी स्प्रिंग. चावी त्या खिडक्यांतून आत जाते. चावीच्या प्रत्येक खाचेची खोली आपापल्या पट्टीला नेमक्या उंचीवर धरते. सगळ्या पट्ट्या एका पातळीत आल्या की आतला गोल गाभा फिरतो. एक जरी पट्टी जरा बाहेर राहिली तरी ती बाहेरच्या कवचात अडकते आणि कुलूप हटून बसतं. या खोल्या मनमानी नसतात. ठरलेल्या तीन-चार मापांपैकीच एखादी असते. म्हणजे चावी हा मुळात पाच-सहा आकड्यांचा एक नंबर आहे. पितळेचा तुकडा त्या नंबरासाठीच कापलेला.

वापरानं चावीचे दात घासतात, कडा गोल होतात. नक्कल काढायच्या यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याची एक सुई जुन्या चावीवरून सरकते आणि पातं कोऱ्या चावीत तेवढंच कापतं. झीज असेल तर झीजही कापतं, वर यंत्राची स्वतःची चूक मिसळतं. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात, तसंच हे. मी घरी येऊन पुढे नव्या चावीशी व्हर्नियर लावून पाहिलं. जुन्या चावीचा एक दात जवळजवळ पाव मिलिमीटरनं बसला होता. सर, प्रयोगशाळेत तुम्ही लघुतम माप पाठ करून घेतलंत, तेव्हा याचा उपयोग काय म्हणून आम्ही कुरकुरायचो. काकांची दहा मिनिटं त्या पाव मिलिमीटरात गेली.

मग मूळ माप आणायचं कुठून? तीन वाटा आहेत. पहिली, नंबर. बऱ्याच गाड्यांसोबत चाव्यांच्या जुडग्याला धातूचा लहानसा बिल्ला येतो, किंवा चावीवरच नंबर ठोकलेला असतो. दुसरी, न वापरलेली जादा चावी. या दोन्ही आमच्याकडे नव्हत्या. तिसरी वाट त्यांनी सांगितली: गाडीचं सगळ्यात कमी वापरलेलं कुलूप. आमची डिकी आतल्या खटक्यानं उघडते, त्यामुळे तिच्या कुलपात वर्षानुवर्षं चावी गेलीच नव्हती. त्यांनी ते कुलूप उतरवलं, साफ केलं, पट्ट्या एकेक करून मोजल्या, आकडे कागदावर लिहिले आणि त्या आकड्यांवरून कोरी चावी कापली. स्टार्टरच्या कुलपातल्या दोन पट्ट्या झिजल्या होत्या, त्या बदलल्या. आता चावी दोन बोटांनी फिरते.

हे सगळं वेळेत करा असं मी म्हणते, त्याला कारण आहे. ॲम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली, आणि मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा गाड्यांचे सुटे भाग दरवर्षी कमी होत जाणार. चावी अडखळायला लागली की तेव्हाच बघावं. पूर्ण अडल्यावर कुलूप फोडावं लागतं आणि मापंही हातची जातात.

आता घरी करण्यासारख्या गोष्टी. कुलपात खोबरेल तेल घालू नका. आपल्या मुरबाड-शहापूरच्या थंडीत ते बाटलीत गोठतं, तसंच कुलपातही गोठतं. इंजिन ऑइलही नको, त्याला धूळ चिकटून चिखल होतो. बाजारातल्या फवाऱ्यानं ओल आणि घाण निघते, पण तो काही कायमचं वंगण नव्हे. कुलूप साफ आणि कोरडं झालं की ग्रॅफाइटची पूड घालावी. तीही नसेल तर कंपास पेटीतली मऊ शिशाची पेन्सिल चावीवर दोन्ही बाजूंनी घासायची आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करायची. शिसं म्हणजे ग्रॅफाइटच.

दुसरं, उतारावर किंवा चाकं वळवून गाडी उभी केली की स्टिअरिंगच्या खटक्यावर ताण येतो आणि चावी फिरत नाही. तेव्हा चावीवर जोर काढायचा नाही. एका हातानं स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवायची. चावी आत मोडलीच तर फेविक्विक लावून ओढण्याचा प्रयोग कुणी करू नये. तुकडा आत आणखी घट्ट बसतो. बारीक करवतीच्या पात्यानं तो दातांत अडकवून ओढता येतो, नाहीतर चावीवाल्याला बोलवावं.

तिसरं, घराची, कपाटाची, दुकानाची, पंपाच्या खोलीची अशी सगळी चावी एका जुडग्यात घालून ते स्टार्टरला लटकवू नका. खड्ड्यांतून जाताना ते ओझं कुलपाला सतत घासतं. बाबांच्या जुडग्यात अकरा चाव्या होत्या. त्यातल्या चार कशाच्या, ते आजही आम्हाला ठाऊक नाही.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण मूळ चावी रोज वापरतो आणि नक्कल कपाटात ठेवतो. उलटं करा. मूळ चावी कपाटात जपून ठेवा आणि रोज तिची नक्कल झिजू द्या. पुढे जी काही चावी बनवायची ती त्या मूळ चावीवरूनच. आमच्या गाडीचे ते आकडे आता आईच्या डायरीत गाडीच्या कागदांसोबत आहेत. ते मी व्हॉट्सॲपवर मात्र टाकलेले नाहीत. नंबर म्हणजेच चावी, आणि चावीचा स्पष्ट फोटोही जाणत्या माणसाला पुरतो. आपल्या ग्रुपवर कुणी नव्या गाडीसोबत चावी नाचवत फोटो टाकला असेल, तर आज घरी जाऊन काढून टाका.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत, त्यांच्या चावीत चिप असते. तिथे नुसते दात जुळून भागत नाही, संगणकावर ओळख जुळवून घ्यावी लागते. त्यांनीही दुसरी चावी आजच शोधून ठेवावी. पहिली हरवल्यावर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

एवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेल्या आणि कुणाच्या तरी अडीअडचणीला धावणाऱ्या गाड्या आपल्या गावांत पुष्कळ आहेत. त्यांची एक चांगली चावी दाराजवळच्या खिळ्याला असावी. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना आपली चावी दाखवायची असेल, त्यांनी खुशाल यावं. व्हर्नियर माझ्या पर्समध्ये आहे.