‘नाही’ म्हणण्याआधी



तालुक्याच्या ग्रंथालयात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. टेबलामागच्या साहाय्यकाला पुस्तकाचं नाव सांगितलं असेल. त्यानं रजिस्टर चाळलं, किंवा हल्ली संगणकावर चार अक्षरं टाकली, आणि मान हलवून म्हणाला, “नाही.” तुम्ही पायऱ्या उतरलात आणि परतीची एस.टी. धरलीत. पण पुस्तक खरोखरच नव्हतं, की त्याला सापडलं नाही? या दोन गोष्टी एक नव्हेत. आज बोलायचं आहे ते या फरकाबद्दल, आणि तो फरक ग्रंथालय-साहाय्यकाला कसा शिकवतात त्याबद्दल.

अमेरिकेत ओहायो नावाचं राज्य आहे. १९६७ साली तिथल्या महाविद्यालयांनी मिळून एक केंद्र काढलं. कारण अगदी घरगुती होतं. एकच पुस्तक पन्नास महाविद्यालयांनी घेतलं, की पन्नास ठिकाणी पन्नास माणसं त्याचं तेच कार्ड लिहीत बसायची. केंद्राचे पहिले प्रमुख फ्रेडरिक किलगोर यांची योजना अशी की, नोंद एकानं एकदा करावी आणि ती सगळ्यांनी वापरावी. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या रानात सावडीनं राबतात ना, तशी ही नोंदींची सावडच म्हणा. २६ ऑगस्ट १९७१ रोजी अथेन्स गावच्या ओहायो विद्यापीठात ती सुरू झाली. पहिल्या दिवशी १३३ पुस्तकांच्या नोंदी झाल्या. आज त्याच सामायिक तालिकेत, म्हणजे वर्ल्डकॅटमध्ये, ५० कोटींहून अधिक नोंदी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, सगळं यंत्रात आहे, मग शिकायचं काय? सांगतो. नवी नोंद करणं हे तज्ज्ञाचं काम. आधी झालेली नोंद हुडकून काढायची, हे काम मात्र साहाय्यकांकडे आलं. आणि त्या काळचं यंत्र पुस्तकाचं पूर्ण नाव घेत नसे. त्याला अक्षरांची किल्ली लागे. नावातल्या पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची दोन आणि चौथ्याचं एक. हेमिंग्वे यांचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ हे पुस्तक घ्या. सुरुवातीचा ‘द’ सोडून द्यायचा. मग ओ-एल-डी, एम-ए, ए-एन, टी. झाली किल्ली! पण नवशिक्यानं तो ‘द’ धरला, की कुलूप उघडत नसे. पुस्तक यंत्रात असूनही यंत्र ‘नाही’ म्हणे. चूक किल्लीची, आणि आळ पुस्तकावर!

हे ओहायोचं झालं. पण या गोष्टीचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पी.एल. ४८० चा अमेरिकन गहू आठवत असेल. त्या गव्हाची किंमत आपण रुपयांत भरत होतो, आणि ते रुपये इथंच साठत होते. त्यांतला काही भाग भारतीय पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवण्यासाठी वापरला गेला. त्यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ साली दिल्लीत कचेरी उघडली. तिकडून गहू आला आणि इकडून पुस्तकं गेली. त्यांत मराठी पुस्तकंही होती. इथं एखादं पुस्तक वाळवीनं खाल्लं असेल, प्रकाशकाचं दुकान केव्हाच बंद झालं असेल. पण त्याची प्रत सातासमुद्रापलीकडे नीट फडताळात उभी असू शकते.

असू शकते, पण सापडायला हवी! आणि इथंच खरी मेख आहे. त्या नोंदी रोमन लिपीत झाल्या, आणि त्यांचे नियम आपल्या सवयीचे नाहीत. ‘श्यामची आई’ घ्या. आपण ‘श’ साठी एस-एच लिहू. तिथं नुसता एस असतो, वर एक खूण. ‘ची’ साठी आपण सी-एच लिहू. तिथं एच नाही. ‘म’मधला ‘अ’ आपण बोलताना गिळतो. तिथं मात्र तो लिहितात. म्हणजे अक्षरं झाली एस-वाय-ए-एम-ए-सी-आय. पुढे ‘आई’साठी ए-आय. आपल्या सवयीनं शोधाल, तर एवढं घराघरातलं पुस्तकसुद्धा निसटू शकतं. काही नोंदींत देवनागरीही असते, पण सगळ्यांत नाही. लेखकाचीही तीच तऱ्हा. साने गुरुजी म्हणून पाहावं, पांडुरंग सदाशिव साने म्हणूनही पाहावं. कुसुमाग्रज सापडले नाहीत, तर शिरवाडकर पाहावेत.

बरं, घाईनं ‘नाही’ म्हटलं तर बिघडतं काय? वाचक रिकाम्या हातानं जातो, हे एक. दुसरं असं की, साहाय्यकाला नोंद दिसली नाही म्हणून त्याच पुस्तकाची दुसरी नोंद केली जाते. तलाठ्याच्या दप्तरात एकाच गटाचे दोन निराळे उतारे निघाले तर काय घोळ होईल, तो तुम्हांला सांगायला नको. इथंही तसंच होतं. निम्म्या प्रती एका नोंदीखाली, निम्म्या दुसरीखाली. ज्याला एक दिसली, त्याला दुसरीखालच्या प्रतींचा पत्ताच नाही. आणि सावडीचं काम असल्यानं एकाची चूक सगळ्यांच्या रानात उगवते.

उलट बाजूही आहे. नाव जुळलं म्हणून पुस्तक तेच, असंही नाही. आवृत्ती, प्रकाशक, साल, पानं ताडून बघावी लागतात. पहिली आवृत्ती आणि सुधारलेली आवृत्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

म्हणून साहाय्यकाला शिकवायचं ते यंत्राची बटणं दाबणं एवढंच नव्हे. ते दोन दिवसांत येतं. खरं शिक्षण आहे स्वतःच्या ‘नाही’वर संशय घेण्याचं. नावानं शोधलं, आता लेखकानं शोध. आडनावानं शोधलं, आता टोपणनावानं. लांब नाव सापडत नाही, तर त्यातला एकच ठळक शब्द घे. एवढं करूनही मिळालं नाही, तर वाचकाला “नाही” म्हणू नये; “अजून सापडलं नाही, अशा अशा रीतीनं शोधलं,” असं सांगावं. त्यामुळे पुढच्या माणसाला पुढून सुरुवात करता येते.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या पुस्तकांचं कपाट पुष्कळदा तुमच्याच हाती असतं. वर्ल्डकॅट २००६ पासून सर्वांना मोफत पाहता येतं, मोबाइलवरसुद्धा. मुलांना एक खेळ द्या. कपाटातलं एक जुनं पुस्तक काढा, आणि ते किती रीतींनी शोधता येतं ते फळ्यावर मांडा. पुस्तक जगात कुठं कुठं आहे हे दिसलं, की मुलांचे डोळे कसे मोठे होतात ते बघा.

आणि गावकरी मंडळी, पुढच्या खेपेला ग्रंथालयात कोणी ‘नाही’ म्हटलं, तर रागावू नका. लगेच पायऱ्याही उतरू नका. शांतपणे एवढंच विचारा, “दादा, कोणत्या नावानं शोधलंत?”