साठ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरचा हेलियम

महाराष्ट्रात हेलियमचा विषय निघाला की विजयदुर्ग आल्याशिवाय राहत नाही. १८६८च्या ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, ही कथा मात्र कसोटीला उतरत नाही. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच पाहिली. विजयदुर्गावर तो आला १८९८च्या जानेवारीत, वेगळ्याच ग्रहणासाठी. या कथेमुळे आणखी एक समज रुजतो, की रेषा दिसली म्हणजे शोध लागला, पुढची सारी नुसती आकडेमोड. हेलियमच्या काही रेषा तर अशा आहेत, की गणिताशिवाय त्या दिसूनही कळत नाहीत.

हेलियमचा एक इलेक्ट्रॉन सुटायला २४.५९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. पण दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम वरच्या कक्षेत गेले, तर अणूजवळ त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि तरी तो क्षणभर अखंड राहतो. मग एक खाली उतरतो आणि त्याने सोडलेली ऊर्जा घेऊन दुसरा पोबारा करतो. हे स्वयंआयनीभवन. ही स्थिती किती उंचीवर असेल, याचा हिशेब इथेच करून पाहू. दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला ७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. जोडीदार नाहीच असं धरलं, तर दुसऱ्या कक्षेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन १३.६ने बांधलेला. ७९मधून २७.२ गेले, उरले ५१.८. मॅडन आणि कॉडलिंग यांनी १९६३मध्ये अमेरिकेत सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात मोजलं, ते भरलं ६०च्या जरा वर. आठ-एक इलेक्ट्रॉन-व्होल्टची ही तफावत म्हणजे दोघांचं एकमेकांना ढकलणं. ती वरून मिळवली की काम भागलं, असंही नाही. स्वतंत्र इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने तिथे इलेक्ट्रॉनांच्या दोन मांडण्यांच्या सारख्याच ठळक दोन रेषामाला हव्या होत्या. ठळक दिसली एकच. फानो, कूपर आणि प्रॅट्स यांनी त्याच वर्षी उलगडा केला: दोन्ही मांडण्या एकमेकींत मिसळतात, बेरजेची माला उठून दिसते, वजाबाकीची जवळजवळ लोपते.

यावर कुणी म्हणेल, आता संगणक आहेत, समीकरण द्या नि उत्तर घ्या. हिलेरासने १९२९मध्ये हेलियमची तळस्थिती काढली, ती ‘ऊर्जा जितकी खाली, उत्तर तितकं बरं’ या नियमावर. इथे तोच नियम घात करतो. खाली जायला वाट मोकळी असल्याने हिशेब घसरत जाऊन एक इलेक्ट्रॉन सुटलेल्या अवस्थेत पडतो. म्हणून फेशबाखच्या पद्धतीत, जिथे एक इलेक्ट्रॉन तळकक्षेत असेल तो सगळा भाग आधीच गाळतात; टेम्किन आणि भाटिया यांनी हेलियमचे आकडे याच वाटेने काढले. दुसऱ्या पद्धतीत अंतरंच संमिश्र संख्यांच्या प्रतलात फिरवतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जा फिरतात, अनुनाद, म्हणजे ती क्षणभराची स्थिती, जागचा हलत नाही. मात्र त्याच्या ऊर्जेला काल्पनिक भाग येतो. ऊर्जा आणि काल्पनिक? आक्षेप रास्त आहे, पण त्या भागाची दुप्पट म्हणजे रेषेची रुंदी, सुमारे ०.०३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि प्रयोगही तेच सांगतो. त्यावरून आयुष्य निघतं १७-१८ फेमटोसेकंद; सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातले सतरा-अठरा. एवढ्याशाला ‘स्थिती’ म्हणायचं का? बोरच्या जुन्या हिशेबाने तेवढ्यात त्या कक्षेत पन्नासहून अधिक फेऱ्या होतात, तेव्हा म्हणायला हरकत नसावी. संमिश्र ऊर्जेची हीच भाषा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंना लावली. नायट्रोजनच्या रेणूवर बाहेरून येऊन क्षणभर टेकणारा इलेक्ट्रॉन धरला, की तिथे हिशेबाला दोन नव्हे, पंधरा इलेक्ट्रॉन असतात.