उपग्रह-पेटी घेण्यापूर्वीं



घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे दोन प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत आहे : केवढ्याला पडली, आणि शेजारच्यांकडे कोणती आहे ? उपग्रहावरून येणारीं स्वच्छ चित्रें दाखविणारी आणि तीं साठवूनही ठेवणारी पेटी घेतांना मात्र या दोन प्रश्नांनीं भागत नाहीं. तिसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : या पेटींत मी जें साठवीन, तें उद्यां माझें राहील काय ? त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वीं पेटीची थोडी ओळख करून घेऊं.

पेटीचें काम छतावरच्या छत्रीपासून सुरू होतें. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या वेगाशीं वेग जुळवून घेतो, आणि म्हणून आपल्याला तो एका जागीं उभा असल्यासारखा भासतो. अशा उपग्रहांचा संदेशवहनासाठीं कसा उपयोग करतां येईल, हें आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालींच एका लेखांत मांडलें होतें. उपग्रह स्थिर, म्हणून छत्रीही स्थिर. आपल्या देशांतील या सेवांचे उपग्रह मुंबई-पुण्याहून पाहिलें असतां दक्षिणेच्या पूर्वेस, म्हणजे आग्नेयेकडे येतात. तेव्हां दुकानांत जाण्याआधीं गच्चीवर जा, आणि आग्नेयेचें आकाश मोकळें आहे कीं नाहीं तें पाहा. तेथें एखादी उंच इमारत किंवा डेरेदार आंबा आडवा येत असेल, तर सर्वांत महाग पेटीही कांहीं करूं शकणार नाहीं.

दुसरी अडचण पावसाची. या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास असते. मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात. कोंकणांत किंवा मुंबईंत राहणाऱ्यांना आषाढांत चित्र गोठल्याचा अनुभव असेलच. छत्री किंचित् मोठी आणि पक्की बसविलेली असली, तर हा त्रास कमी होतो. अजिबात जात नाहीं. जें छत्रीपर्यंत पोहोंचलेंच नाहीं, तें पेटी साठविणार तरी कोठून ?

आतां चित्राच्या स्वच्छतेकडे वळूं. साध्या चित्रांत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. हाय-डेफिनिशन चित्रांत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. हें प्रमाण बरोबर पांचपट आहे. परंतु हे ठिपके पाहणारा डोळा तोच राहतो. सामान्य दृष्टीच्या माणसाला ३२ इंची पडद्यावरील साध्या चित्राच्या रेषा सुमारें आठ फुटांपलीकडून निरनिराळ्या दिसत नाहींत. म्हणून दहा फुटांवरून ३२ इंची संच पाहणाऱ्या कुटुंबाला हा पांचपट तपशील फारसा जाणवणार नाहीं. त्याच अंतरावरून ५५ इंची पडदा पाहणाऱ्याला तो स्पष्ट जाणवेल. शिवाय पेटी हाय-डेफिनिशनची असली म्हणून प्रत्येक वाहिनी तशी होत नाहीं. पैसे भरून घ्यावयाच्या सेवांत तशा वाहिन्या वेगळ्या निवडून त्यांचें मूल्यही द्यावें लागतें. खोलीची लांबी मोजावी, आपण खरोखर पाहतों त्या वाहिन्या कागदावर लिहाव्या, आणि मगच हा खर्च करावा.

साठवणुकीची सोय मात्र, माझ्या मतें, चित्राच्या स्वच्छतेहूनही मोलाची आहे. घड्याळानें घरावर चालविलेली सत्ता ती मोडून काढते. रात्रीं आठ वाजतां आजीची मालिका, मुलाचा क्रिकेटचा सामना आणि वडिलांच्या बातम्या एकाच वेळीं याव्यात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचें घरांत चालावें, हा प्रकार आपण सर्वांनीं पाहिला आहे. स्वयंपाकघरांतल्या बाईला तर या भांडणांत मतच नसतें. पेटींत मुद्रण करून ठेवतां आलें, म्हणजे तिलाही ओटा आवरून झाल्यावर आपल्या सवडीनें बसतां येतें.

त्यासाठीं पेटींत दोन ट्यूनर आहेत काय, हें अवश्य विचारावें. एकच ट्यूनर असला, तर जी वाहिनी साठवावयाची तीच पाहावी लागते. दोन असल्यास एक कार्यक्रम साठवीत दुसरा पाहतां येतो. त्यासाठीं साधारणपणें छत्रीपासून दोन केबली आणाव्या लागतात. साठ्याचा हिशेब सोपा आहे. हाय-डेफिनिशन वाहिनी दर सेकंदाला ८ मेगाबिट वेगानें येत असेल, तर एका तासाला ३.६ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारें १३८ तास मावतील. घरगुती उपयोगास एवढें पुष्कळ झालें. डिस्क आंत बसविलेली असली, तर पेटी तापते. ती बंद कपाटांत कोंडूं नये. डिस्क बाहेरून जोडावयाची असली, तर ती बिघडल्यास बदलतां येते, हा लाभ. सामना लांबतो, हें ध्यानांत घेऊन मुद्रणाची वेळ शेवटीं वाढवितां येते कीं नाहीं, हेंही पाहावें.

आतां तो तिसरा प्रश्न. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत आजोबा गाण्याचे शिक्षक होते. एका वाहिनीवर त्यांचें गायन झालें, तें मुलानें पेटींत साठविलें. पुढें आजोबा वारले. कुटुंबानें घर बदललें आणि नव्या जागेंत दुसऱ्या कंपनीची सेवा घेतली. वर्षश्राद्धाच्या दिवशीं जुनी पेटी जोडली, तेव्हां ती सुरू झाली, यादींत कार्यक्रमाचें नांवही दिसलें. पण वर्गणी चालू नसल्यामुळें गाणें कांहीं उघडेना. डिस्क संगणकाला जोडून पाहिली, व्यर्थ. आजोबांचा आवाज त्या डब्यांत होता, आणि नव्हताही.

यांत पेटीचा बिघाड नव्हता. पैसे घेऊन चालविलेल्या सेवांत कार्यक्रम सांकेतिक कुलुपांत बंद करून पाठविले जातात, आणि साठवितांनाही तें कुलूप बहुधा कायम राहतें. किल्ली त्या पेटीशीं आणि चालू वर्गणीशीं बांधलेली. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालत नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं प्रक्षेपणाचें मुद्रण करण्यास मोकळीक ठेवली आहे. तें विकण्यास अथवा वांटण्यास नव्हे. पण कायद्यानें दिलेली मोकळीक कुलुपाला ठाऊक नसते.

याउलट दूरदर्शनची विनामूल्य उपग्रह-सेवा, जी डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली आणि आज डीडी फ्री डिश या नांवानें चालते, तिला मासिक वर्गणी नाहीं. सह्याद्री वाहिनी तींत आहे. तिच्यासाठीं बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळशा साध्या पेट्यांना यूएसबीचें तोंड असतें, आणि त्यांवरील मुद्रण संगणकावर उघडतां येतें. तींत बहुतेक वाहिन्या साध्या चित्राच्या आहेत, हें खरें. तेव्हां एका बाजूला झगझगीत पण उसनें चित्र, आणि दुसऱ्या बाजूला साधें पण आपलें. अशी ही निवड आहे.

आजकाल सर्व कांहीं इंटरनेटवर मिळतें, मग साठवावें कशाला, असें तरुण मंडळी म्हणतील. तेथील कार्यक्रमही हक्कांची मुदत संपतांच काढून घेतले जातात. आणि मोठ्या संस्था सर्व जपतात, या भरंवशावरही राहूं नये. बीबीसीनें १९६० व १९७० च्या दशकांत आपल्या अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसून टाकल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकतां येतो, तो प्रेक्षकांनीं घरबसल्या मुद्रित करून ठेवला म्हणून.

म्हणून दुकानदाराला इतकेंच विचारावें : पेटी विकत देतां कीं वापरापुरती ? ट्यूनर किती ? वर्गणी बंद केल्यावर साठविलेलें दिसेल काय ? दुकानांतच दोन मिनिटांचें मुद्रण करवून घ्यावें, आणि तें दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवा, असा आग्रह धरावा. चालत नसेल, तरीही पेटी घ्यावी. रोजच्या करमणुकीला ती उत्तम. मात्र पाहून झालें कीं पुसावयाचें, एवढेंच तिच्या हवालीं करावें. जन्मभर जपावयाचा आवाज ज्यानें गायिला त्याच्याकडून, किंवा ज्यांनीं तो प्रक्षेपित केला त्यांच्याकडून, वेळीच मागून घ्यावा, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या.