आभासी प्रयोगशाळा : प्रयोग प्रत्येकाच्या हाती

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खंडाळा परिसराला शिक्षणाचा थोर वारसा लाभला आहे. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि जिल्ह्याच्या खेडोपाडी ज्ञानगंगा नेली. शाळा दारी आली. आता त्या शाळेतील प्रयोग प्रत्येक मुलाच्या हाती कसा येईल, हा आजचा प्रश्न आहे.

विज्ञान हा करून, चुकून आणि पुन्हा करून शिकण्याचा विषय. परंतु साहित्याचा संच एक आणि विद्यार्थी चाळीस-पन्नास असले, की शिक्षक टेबलावर ओहमच्या नियमाचा प्रयोग करून दाखवतात. पुढच्या रांगेला अमीटरचा काटा दिसतो, मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठी. फळ्यावरील आकडे प्रयोगवहीत उतरतात. नियम पाठ होतो, पण उमगत नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे सामर्थ्य आभासी प्रयोगशाळेत आहे. संगणकाच्या पडद्यावर उपकरणांचे प्रतिरूप असते. विद्यार्थी त्यातील घटक स्वतः बदलतो आणि परिणाम तत्काळ पाहतो. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा असा प्रकल्प सुरू केला. भारतात केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अभियानातून उच्च शिक्षणासाठी ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. त्यात मुंबईच्या आयआयटीचा आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचाही सहभाग आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठी अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने ‘ओलॅब्ज’ तयार केले. नववी ते बारावीचे त्यातील प्रयोग मराठीतूनही उपलब्ध झाले.

साध्या लंबकाचे उदाहरण घ्यावे. जड गोळा अधिक वेगाने झुलेल, असे बहुतेक मुलांना वाटते. पडद्यावर गोळ्याचे वस्तुमान दुप्पट केले, तरी आवर्तकाल तोच राहतो. दोरीची लांबी चौपट केली, तर मात्र तो दुप्पट होतो. एक मीटर लांबीच्या लंबकाला पृथ्वीवर एका आवर्तनास सुमारे २ सेकंद लागतात, तर चंद्रावर सुमारे ५ सेकंद. चंद्रावरचा हा प्रयोग कोणत्या शाळेत करता येईल? विद्युत परिपथाच्या प्रतिरूपात तर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. डोळ्यांना कधीही न दिसणारी गोष्ट कल्पनेत स्थिर होते. परिपथ चुकीचा जोडला तर पडद्यावरील बॅटरी पेट घेते, पण कोणाचे बोट भाजत नाही.

केवळ मनोरंजन म्हणून याकडे पाहू नये. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडो विद्यापीठातील अभ्यासात प्रतिरूपावर शिकलेल्या विद्यार्थ्यांना विद्युत परिपथाच्या संकल्पना अधिक चांगल्या समजल्याचे आढळले. विशेष म्हणजे, खऱ्या तारा आणि दिवे हाती दिल्यावर परिपथ जोडण्यातही ते सरस ठरले.

जैन समाजाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पैलू आहे. जीवशास्त्राची आवड असूनही बेडकाच्या विच्छेदनामुळे मन कचरावे, ही अवघड कोंडी होती. जीवदयेचा संस्कार एका बाजूला आणि अभ्यासक्रम दुसऱ्या बाजूला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरावर ते थांबवण्याचा निर्णय घेतला. प्राण्याला इजा न करता शरीररचना शिकवण्यात संगणकीय प्रतिरूपांचा मोठा उपयोग आहे. अहिंसा आणि ज्ञानोपासना यांत येथे विरोध उरत नाही.

तथापि या साधनाची मर्यादाही ओळखावी. प्रतिरूपात घातलेले नियमच प्रतिरूप दाखवते. खऱ्या लंबकाला हवेचा विरोध होतो, दोरीची गाठ सरकते, घड्याळाची कळ दाबायला क्षणभर उशीर होतो. या त्रुटी शोधणे हेही विज्ञानच. आम्लाचा वास, स्क्रूची पकड आणि हाताचे कौशल्य पडद्यावर मिळत नाही. जैन परिभाषेत सांगायचे, तर प्रतिरूप हा एक नय आहे, संपूर्ण सत्य नव्हे. म्हणून आधी अंदाज, मग पडद्यावरील पडताळा आणि अखेरीस प्रत्यक्ष प्रयोग, असा क्रम शिक्षकांनी ठेवावा. श्रमातून शिक्षण देणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यात हाताला विसरून चालणार नाही.

शिरवळ-खंडाळा परिसरात कारखाने उभे राहिले आहेत. त्यांत येथील मुलगा केवळ यंत्राची कळ दाबणारा होणार की यंत्र समजणारा होणार, येथील मुलगी दहावीनंतर विज्ञान शाखा आत्मविश्वासाने निवडणार की भीतीने टाळणार, याचा निर्णय शाळेच्या प्रयोगशाळेत होत असतो. त्यासाठी फार मोठा निधी लागतो असे नाही. चार-पाच संगणक, एक प्रोजेक्टर, शेजारी खऱ्या साहित्याची एक पेटी आणि शिक्षकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. फेटमधील अनेक प्रयोग एकदा उतरवून घेतले, की इंटरनेटवाचूनही चालतात.

शास्त्रदानाला जैन परंपरेत मोठे स्थान आहे. ग्रंथाबरोबर प्रयोगाचेही दान व्हावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात असा एक कक्ष सर्व समाजांतील मुलांसाठी खुला झाला, तर त्याचा लाभ पुढील अनेक पिढ्यांना होईल.