न्यायाधीश मतपेटीतून यावेत काय?



हायकोर्टाचे न्यायाधीश लोकांनी ठराविक मुदतीसाठी निवडून द्यावेत, ही मागणी आपल्या तरुणांच्याही तोंडी येऊ लागली आहे. तिच्या मुळाशी असलेला संताप रास्त आहे. २०१८ पासून नेमलेल्या ७१५ हायकोर्ट न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे अवघे २२ व अनुसूचित जमातींचे १६, हा हिशेब २०२५ साली सरकारनेच संसदेस दिला. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावयाचे, ही १९९३ पासूनची रीत आहे आणि ती बंद दाराआड चालते. सरन्यायाधीशही अखेर माणूसच, त्यालाही पूर्वग्रह असतात, म्हणून नेमणुकांवर त्यास नकाराधिकार देऊ नये, असे बाबासाहेबांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते.

म्हणून मतपेटी हा उपाय ठरतो काय? महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळे सर्वांस खुले करणारा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला. स्पृश्य समाज खवळताच १९२७ साली तिने तो मागे घेतला. स्पृश्यांनी दावा लावला. कोर्टाच्या तात्पुरत्या मनाईहुकुमामुळे त्या डिसेंबरात आपल्या माणसांना पाण्याला हात न लावता परतावे लागले, हेही विसरता कामा नये. परंतु अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही, असा निकाल मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानेच दिला. त्या न्यायमूर्तींना पुढल्या वर्षी त्याच गावांत मते मागावयाची असती, तर त्यांची लेखणी तशीच चालली असती काय? पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघांतून निवडून गेलेल्या आपल्या प्रतिनिधींची जीभ का अडखळते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आहोत. तीच गत न्यायासनाची करावयाची काय?

एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून हिंदूस बौद्ध होण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. अशा हुकुमाविरुद्ध दाद मागण्याची जागा हायकोर्ट. तेथे बहुसंख्याकांच्या मतांवर बसलेला न्यायाधीश मला नको आहे.

शिवाय निवडणुकीला पैसा लागतो. अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्यात २००४ साली एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने सुमारे तीस लाख डॉलर खर्चून एका न्यायाधीशाच्या विजयास हातभार लावला. पुढे त्याच कंपनीवरील पाच कोटी डॉलरचा निकाल फिरविताना या न्यायाधीशाचे मत उपयोगी पडले. २००९ साली तेथील सुप्रीम कोर्टाला त्यात हात घालावा लागला.

मुदतीचा प्रश्न निराळा. आजही हायकोर्टाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतोच. पुन्हा न मिळणारी एकच मुदत ठेवली तर माझी हरकत नाही. घात होतो तो फेरनिवडीच्या आशेने.

आपली मागणी निवड उघडी करण्याची असावी. २०१४ च्या नियुक्ती आयोगात दोन मान्यवरांपैकी एक अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा स्त्रिया यांतून घ्यावयाचा होता. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली तो आयोगच रद्द केला. कायदामंत्री त्यात बसणार होता, ही हरकत खोटी नव्हे. मंत्र्याला वगळा, पण ती जागा परत आणा.

आणि एक काम आपल्या हातचे आहे. वकिलांमधून न्यायाधीश व्हावयाचे तर हायकोर्टात दहा वर्षे वकिली लागते. आपली मुले कायद्याची पदवी घेतात आणि पोटासाठी तालुक्याच्या कोर्टात अडकून पडतात. मुंबई, नागपूर, औरंगाबाद येथे पहिली पाच वर्षे त्यांना राहावयास खोली व पुस्तके मिळतील, एवढा निधी प्रत्येक विहाराने याच वर्षावासापासून जमवावयास घ्यावा.